लिव्हर कॅन्सर आणि आरएनए मॉडिफिकेशनचा पेपर सेमिनारला आलाय? घाबरू नका, असा वाचा

दरवर्षी सेमिनारचं वेळापत्रक लागलं की दोन-तीन ज्युनिअर्सचे मेसेज ठरलेलेच, "ताई, मला एम-सिक्स-ए आणि लिव्हर कॅन्सरचा पेपर मिळालाय, शेवटच्या फिगरमध्ये नुसते बाणच बाण आहेत, कुठून सुरू करू?" दरवेळी वेगवेगळं टाईप करून कंटाळा आला, म्हणून यावेळी एकदाच नीट लिहून ठेवतेय. (एम-सिक्स-ए म्हणजे आरएनएवरची एक रासायनिक खूण, खाली सांगतेच.)

आधी माझी फजिती सांगते, कारण ही पद्धत त्यातूनच आलीय. एमएस्सीच्या सेमिनारला मी असाच एक पेपर घेतला होता, सगळे बाण पाठ, कोणतं प्रोटीन वाढतं, कोणतं कमी होतं, सगळं तोंडावर. एक्स्टर्नल सरांनी एकच प्रश्न विचारला, "यांनी नॉर्मल लिव्हर म्हणून कुठल्या पेशी वापरल्यात?" मी एकदम कॉन्फिडन्समध्ये, "सर, एल-झिरो-टू." सर शांतपणे म्हणाले, "ती लिव्हरची नाहीच. ती हीला आहे." हीला म्हणजे १९५१ साली गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून काढलेली पेशी, म्हणजे अख्ख्या पेपरात ज्याला 'नॉर्मल लिव्हर' म्हणून शेजारी उभं केलं होतं ते लिव्हरही नव्हतं आणि नॉर्मलही नव्हतं. पुढची पाच मिनिटं मी काय बोलले मला आठवत नाही, आठवायचंही नाही.

तर सुरुवात.

पेपर बाजूला ठेवा, कोरा कागद घ्या

लॅपटॉप नको, कागदच घ्या. मध्ये एक मोठा गोल काढा, ती लिव्हरची पेशी. त्यात दोनच गोष्टी समजून घ्यायच्यात, बाहेरून येणारा सिग्नल आणि आतल्या आरएनएवरची खूण. बाकी सगळे बाण या दोघांमधले असतात.

सिग्नल आधी. लिव्हर हा वाढायला कायम तयार असलेला अवयव आहे, उंदराचं दोन-तृतीयांश लिव्हर कापून टाकलं तरी आठ-दहा दिवसांत तेवढंच वजन परत येतं. म्हणजे वाढीची मशिनरी तिथे पहिल्यापासून बसवलेलीच आहे, ती बाहेरून आणावी लागत नाही, आणि म्हणून या अवयवात 'ॲक्सिलरेटर कोणी दाबला' याइतकाच 'ब्रेक कुठे गेला' हा प्रश्न महत्त्वाचा असतो. मेंदूखालच्या पिट्युटरीतून ग्रोथ हॉर्मोन येतं, लिव्हरच्या पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटतं, आतल्या बाजूचं जॅक-२ नावाचं प्रोटीन जागं होतं, ते स्टॅट-५ वर फॉस्फेट लावतं, स्टॅट-५ केंद्रकात जाऊन जीन्स चालू करतं. त्या चालू झालेल्या जीन्सपैकीच एक असतो सॉक्स-२ (इंग्रजीत SOCS2), आणि सॉक्स-२ चं काम काय, तर वर जाऊन हाच सिग्नल बंद करणं. गच्चीवरच्या टाकीतला बॉल-कॉक आठवा, पाणी वर चढलं की तेच पाणी फ्लोट उचलतं आणि नळ बंद होतो. सॉक्स-२ हा तो फ्लोट. ज्या उंदरांमधून हा जीन काढून टाकला ते उंदीर दणकट, नेहमीपेक्षा बरेच मोठे झाले, हे २००० सालीच दिसलं होतं. फ्लोट तुटला, टाकी वाहायला लागली.

लिव्हर कॅन्सरमध्ये हा एकच पाईप नसतो हे लक्षात ठेवा. बीटा-कॅटेनिनचा जीन साधारण पाव ते एक-तृतीयांश ट्यूमर्समध्ये बिघडलेला असतो (म्हणजे व्हिंट नावाचा वाढीचा सिग्नल कायमचा ऑन), शिवाय आरएएस-ईआरके आणि एमटॉर या वाढीच्याच सिग्नलच्या लाईन्स असतात. पण सेमिनारसाठी सगळे पाईप काढत बसू नका, तुमच्या पेपरात जो आहे तेवढाच काढा. मी बघितलंय, मुलं पहिल्या वीस मिनिटांत सगळे पाथवे सांगतात आणि पेपरला हात लागेपर्यंत मॅडम घड्याळाकडे बघायला लागतात.

आता खूण

एमआरएनए म्हणजे जीनची झेरॉक्स, हे सगळ्यांना माहितीय. या झेरॉक्सवरच्या काही 'ए' अक्षरांवर एक बारीकसा मिथाइल गट लावलेला असतो, त्याला म्हणतात एम-सिक्स-ए. १९७४ सालीच सापडला होता, पण नेमका कुठल्या आरएनएवर कुठे बसलाय हे बघायची सोयच नव्हती, त्यामुळे विषय जवळजवळ झोपलेला. २०११ मध्ये कळलं की एफटीओ नावाचं प्रोटीन ही खूण पुसू शकतं, आणि २०१२ मध्ये दोन टीम्सनी अँटिबॉडीने पकडून पूर्ण नकाशे काढले. त्यातल्या इस्रायलच्या टीमने जी पेशी वापरली ती हेप-जी-२, म्हणजे मानवी एम-सिक्स-एचा पहिला मोठा नकाशा निघाला तोच लिव्हर ट्यूमरच्या पेशीतून. आणि त्यांनी तेव्हाच एक भारी गोष्ट केली होती, पेशींना इंटरफेरॉन दिलं, एचजीएफ हा लिव्हरचा ग्रोथ फॅक्टर दिला, गरम केलं, यूव्ही मारला, आणि परत नकाशा काढला. बहुतेक खुणा जागच्या जागी होत्या, थोड्याच बदलल्या. हे मुद्दाम सांगतेय, कारण हल्लीचे पेपर वाचून असं वाटतं की जरा सिग्नल हलला की सगळ्या खुणा इकडच्या तिकडे होतात.

खूण काय करते हे समजायला मी रस्ता रुंदीकरणाचं उदाहरण देते. महापालिकेचा माणूस येतो आणि तुमच्या भिंतीवर लाल रंगाने फुली मारून जातो. त्या रंगाने भिंत पडत नाही. दोन महिन्यांनी जेसीबीवाला येतो, तो फुली बघतो आणि पाडतो. आणि मधल्या काळात कोणीतरी रात्रीत चुना फासून फुली पुसतो तो वेगळाच. एम-सिक्स-एमध्ये हे तिन्ही आहेत. फुली मारणारा म्हणजे रायटर: मेटल-३ आणि मेटल-१४ ही जोडी, सोबत डब्ल्यूटॅप वगैरे मंडळी (लॅबमध्ये सगळे 'मेटल'च म्हणतात, लोखंडाशी संबंध नाही). यातला खरा रंगारी मेटल-३, मेटल-१४ स्वतः रंग लावत नाही, तो आरएनए नीट धरून ठेवतो. पुसणारा म्हणजे इरेझर: एफटीओ आणि अल्कबीएच-५. आणि फुली बघून काम करणारा म्हणजे रीडर: वायटीएचडीएफ-१, वायटीएचडीएफ-२, आयजीएफ-२-बीपी असे बरेच.

आता मेख इथे आहे. सगळे रीडर जेसीबीवाले नसतात. वायटीएचडीएफ-२ आला तर आरएनए तुटतो, पण आयजीएफ-२-बीपी आला तर तोच आरएनए उलट जास्त टिकतो, जणू फुली म्हणजे 'हेरिटेज आहे, हात लावू नका' असा बोर्ड. त्यामुळे 'एम-सिक्स-ए वाढलं' एवढ्या वाक्यातून काहीच कळत नाही, कोणी वाचलं ते कळलं पाहिजे.

सिग्नल आणि खूण जोडून बघू

सरावासाठी मी नेहमी एकच पेपर सुचवते, हाँगकाँग युनिव्हर्सिटीच्या पॅथॉलॉजीवाल्यांचा २०१८ सालचा, 'हेपॅटॉलॉजी' जर्नलमध्ये आलेला. गोष्ट अशी: लिव्हर ट्यूमर्समध्ये मेटल-३ वाढलेलं दिसतं, ज्यांच्यात जास्त त्यांचा निकाल वाईट. मेटल-३ कमी केलं की पेशींची वाढ आणि हालचाल मंदावते, उंदरात ट्यूमर आणि फुप्फुसातला प्रसार कमी होतो. का? तर मेटल-३ सॉक्स-२ च्या एमआरएनएवर फुली मारतं, वायटीएचडीएफ-२ येऊन तो एमआरएनए तोडतं, म्हणजे टाकीतला फ्लोट बनायच्या आधीच भंगारात. झालं, सिग्नल आणि खूण जोडले गेले, सिग्नलचा ब्रेक आरएनएवरच्या एका खुणेमुळे गायब होतोय, आणि डीएनएमध्ये सॉक्स-२ चा जीन तिथेच्या तिथे, एकही अक्षर न बदलता बसलेला असतो.

आता बाण एकेक करून घ्या आणि प्रत्येक बाणावर पेन्सिलने लिहा, 'यांनी काय मोडलं आणि मग काय दिसलं'. बस, हीच पूर्ण ट्रिक आहे, बाकी सगळं तपशील.

पहिला बाण, मेटल-३ ते खूण. मेटल-३ कमी केल्यावर सॉक्स-२ वरची खूण गेली का? या पेपरात गेली. बाण पक्का काढा.

दुसरा बाण, खूण ते तुटणं. मेटल-३ कमी केल्यावर सॉक्स-२ चा एमआरएनए वाढला, हे त्यांनी दाखवलंय, पण नुसतं वाढणं म्हणजे तुटणं थांबलं असं नाही, कदाचित नवीन जास्त बनत असेल ना. म्हणून अशा पेपरांत ॲक्टिनोमायसिन-डी चा प्रयोग शोधायचा. हे औषध टाकलं की नवीन आरएनए बनणं बंद, मग शून्य, दोन, चार, सहा तासांनी पेशी तोडून किती आरएनए शिल्लक ते बघायचं. बर्फ विरघळताना बघत बसावं तसं. ज्याचा उतार मंद, तो आरएनए जास्त टिकतोय. (मी स्वतः हा प्रयोग करताना चौथ्या तासाच्या डिशेस इनक्युबेटरमध्ये ठेवून चहाला गेले, गप्पा रंगल्या, चार तासाचं सॅम्पल साडेपाच तासांनी काढलं आणि ग्राफमध्ये मधेच एक खड्डा. गाईडने विचारलं हा खड्डा कसला, मी म्हटलं चहाचा.) पेपरच्या ग्राफमध्ये किती टाईम पॉईंट आहेत, एरर बार एकमेकांवर बसलेत का, हे बघा, दोन पॉईंटवर काढलेल्या सरळ रेषेवर विश्वास ठेवू नका.

तिसरा बाण, रीडर. वायटीएचडीएफ-२ काढल्यावरही सॉक्स-२ वाढायला हवा. नाही वाढला तर तोडणारा दुसराच कोणीतरी आहे.

चौथा प्रश्न मला सगळ्यात आवडतो आणि तो बऱ्याच पेपरांत नसतोच: मेटल-३ चं काम रंगाचंच आहे का? कारण मेटल-३ सायटोप्लाझममध्ये जाऊन रंग न लावताही प्रोटीन बनवायला मदत करतं असं २०१६ मध्ये दाखवलं गेलंय. म्हणून खरी टेस्ट अशी की मेटल-३ काढायचं आणि मग त्याची हात बांधलेली आवृत्ती परत घालायची, जिच्यात रंग लावायचा भाग मुद्दाम बिघडवलेला असतो (पेपरात 'कॅटॅलिटिक म्युटंट' असं दिसेल). नॉर्मल मेटल-३ ने परिणाम परत आला आणि म्युटंटने आला नाही, तरच म्हणायचं की खुणेमुळे झालं. सेमिनारला हा एक प्रश्न तुम्ही स्वतःहून उपस्थित केलात तर अर्धे मार्क तिथेच.

बाण उलटाही असतो

आतापर्यंत खुणेमुळे सिग्नल बदलला. पण सिग्नलमुळे खुणा बदलतात हेही खरं. २०२० मध्ये दाखवलं गेलं की ईआरके हे प्रोटीन मेटल-३ वर फॉस्फेट लावतं, मग यूएसपी-५ त्याला तुटण्यापासून वाचवतं, मेटल-३ साठत जातं आणि खुणा वाढतात. २०२१ मध्ये एमटॉरचं तसंच, एमटॉर जोरात असेल तर डब्ल्यूटॅप जास्त बनतं आणि काही आरएनए खूण लागून तुटतात. म्हणजे कागदावर आता गोल तयार झाला, सिग्नल वाढला, रंगारी वाढले, ब्रेकवर फुली पडली, सिग्नल अजून वाढला.

गोल दिसायला सुंदर दिसतो म्हणून लगेच जाड पेनाने काढू नका. ईआरकेचं काम मुख्यतः ब्रेस्ट कॅन्सर, मेलानोमा आणि उंदराच्या स्टेम सेल्समधलं आहे. तुमचा पेपर लिव्हरचा असेल आणि त्यांनी तो बाण फक्त संदर्भ देऊन उचलला असेल तर तुटक रेषा काढायची. माझ्या वहीत तुटक रेषाच जास्त असतात, आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही.

दोन पेपर एकमेकांच्या विरुद्ध बोलले तर

बोलतातच. इथेच सगळे अडकतात, म्हणून जरा थांबून सांगते.

हाँगकाँगवाले म्हणतात मेटल-३ व्हिलन. २०१७ चा एक पेपर म्हणतो लिव्हर कॅन्सरमध्ये मेटल-१४ कमी झालेलं असतं आणि ते कमी झालं की प्रसार वाढतो, कारण खूण नसल्याने एमआयआर-१२६ हा चांगला मायक्रो-आरएनए (दुसरे जीन्स दाबणारा छोटासा आरएनए) नीट कापून तयार होत नाही. आता मेटल-३ आणि मेटल-१४ तर जोडीने काम करतात, मग एक वाढून वाईट आणि दुसरं कमी होऊन वाईट, हे कसं? पुढे २०२० चा पेपर म्हणतो की सोराफेनिब या औषधाला दाद न देणाऱ्या लिव्हर कॅन्सरमध्ये मेटल-३ कमी असतं, कारण मेटल-३ नसेल तर फॉक्सो-३ चा एमआरएनए टिकत नाही आणि पेशी ऑटोफॅजी (स्वतःचेच भाग पचवून तग धरणं) वाढवून औषधातून तरून जाते. वायटीएचडीएफ-२ चंही तेच, २०१९ मध्ये एक टीम म्हणते ते ईजीएफआर या ग्रोथ रिसेप्टरचा एमआरएनए तोडतं म्हणून चांगलं, २०२० मध्ये दुसरी म्हणते ते ऑक्ट-४ वाढवून कॅन्सर स्टेम सेल्सना बळ देतं म्हणून वाईट.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं कोणीतरी खोटं बोलतंय. तसं असेलच असं नाही. परत रुंदीकरणाकडे या. तोच रंगारी तोच रंग घेऊन सॉक्स-२ वर फुली मारतो, तिथे जेसीबीवाला वायटीएचडीएफ-२ येतो, घर पडतं. तोच रंगारी फॉक्सो-३ वर फुली मारतो, तिथे वायटीएचडीएफ-१ येतो, घर टिकतं. एकात ब्रेक जातो, दुसऱ्यात औषधाचा परिणाम राहतो. रंगाऱ्याला चांगला की वाईट विचारून काय उपयोग, त्याला शहरात हजारो भिंती दिल्यात. एका सरासरी एमआरएनएवर तीनेक खुणा धरल्या तरी एका पेशीत किती झाल्या बघा, आणि पेपर त्यातल्या एका भिंतीची गोष्ट सांगतो.

याहून छान उदाहरण हिपॅटायटिस बी व्हायरसचं आहे. सॅन डिएगोच्या टीमने २०१८ मध्ये दाखवलं की या व्हायरसच्या आरएनएवर एप्सिलॉन नावाच्या वळणावर ही खूण बसते. व्हायरसच्या लांब आरएनएत हे वळण दोनदा येतं, एकदा सुरुवातीच्या टोकाला, एकदा शेवटच्या. सुरुवातीच्या टोकावरची खूण व्हायरसला डीएनए बनवायला मदत करते, आणि शेवटच्या टोकावरची तीच खूण आरएनए लवकर तुटायला लावते. एकच आरएनए, एकच अक्षर, फक्त जागा वेगळी आणि परिणाम उलटे. लिव्हर कॅन्सरच्या पेशंट्समध्ये हिपॅटायटिस बी किती कॉमन आहे हे माहितीच असेल, त्यामुळे पेशंट सॅम्पलचा पेपर असेल तर त्यात किती जण बी-पॉझिटिव्ह होते ते टेबलमध्ये शोधा. चीन-हाँगकाँगच्या पेपरांत बहुतेक असतातच, आणि तो निष्कर्ष जशाच्या तसा दारू किंवा फॅटी लिव्हरमुळे झालेल्या कॅन्सरला लावता येईल असं गृहीत धरू नका.

म्हणून प्रत्येक पेपर वाचून झाल्यावर मी एक वाक्य पूर्ण करते आणि ते वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहिते: "अमुक पेशीत, अमुक आरएनएच्या अमुक जागेवरची खूण, अमुक रीडरने वाचल्यामुळे, अमुक सिग्नल वाढला किंवा कमी झाला." पाचही जागा भरता आल्या तर पेपर समजला. एखादी रिकामी राहिली तर एकतर तुमचं वाचायचं राहिलंय किंवा त्यांचं करायचं राहिलंय.

पेशींची नावं तपासा, प्लीज

माझ्या वाट्याला आलं ते तुमच्या येऊ नये. मेथड्समध्ये जा, सेल लाईनची सगळी नावं कागदावर उतरवा आणि सेलोसॉरस या फुकट डेटाबेसमध्ये एकेक टाका, पाच मिनिटांचं काम. एल-झिरो-टू, एसएमएमसी-७७२१, बेल-७४०२ ही तीन नावं लिव्हरच्या पेपरांत वर्षानुवर्षं येतात आणि तिन्ही हीला निघाल्यात. हेप-जी-२ अस्सल लिव्हर ट्यूमरचीच आहे, अर्जेंटिनाच्या पंधरा वर्षांच्या मुलाची, पण नंतरच्या तपासणीत ती हेपॅटोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांमध्ये होणाऱ्या वेगळ्या ट्यूमरची जास्त वाटते. शिवाय तिच्यात बीटा-कॅटेनिन आधीच बिघडलेलं आहे, तेव्हा 'हेप-जी-२ मध्ये व्हिंट सिग्नल वाढलेला दिसला' यात नवल ते काय! एचयूएच-७ जपानी माणसाची, पी-५३ (कॅन्सर रोखणारा जीन) बिघडलेला. हेप-३-बी मध्ये पी-५३ नाहीच आणि हिपॅटायटिस बीचे तुकडे डीएनएत घुसलेले. पीएलसी-पीआरएफ-५ मध्ये पी-५३ च्या २४९ नंबरवर जो बदल आहे तो अफ्लाटॉक्सिनची, म्हणजे शेंगदाण्या-मक्यावरच्या बुरशीच्या विषाची ओळखीची सही. एकाच पेशीवर सगळा पेपर उभा असेल तर तसं स्लाईडवर स्पष्ट लिहा.

बाकीच्या खाचाखोचा पटकन सांगते. एम-सिक्स-ए पकडणारी अँटिबॉडी शेजारच्या एम-सिक्स-ए-एम नावाच्या खुणेलाही चिकटते. वेगवेगळ्या लॅब्सनी एकाच प्रकारच्या पेशींवर केलेल्या नकाशांची तुलना २०२० मध्ये झाली तेव्हा खुणांच्या जागा ३० ते ६० टक्केच जुळल्या, तेव्हा एकदाच केलेल्या प्रयोगात (एका रेप्लिकेटवर) दिसलेल्या शिखराला एव्हरेस्ट समजू नका. डॉट ब्लॉटमध्ये (आरएनएचा ठिपका टाकून एकूण खुणा बघायची पद्धत) पूर्ण आरएनए वापरला असेल तर सावध, रायबोसोमच्या (प्रोटीन बनवणाऱ्या यंत्राच्या) १८-एस आणि २८-एस आरएनएवरही एकेक एम-सिक्स-ए असतो आणि पेशीतला बहुतांश आरएनए तोच, त्यामुळे डाग काळा झाला म्हणजे एमआरएनएवरच्या खुणा वाढल्या असं होत नाही. टीसीजीए या कॅन्सरच्या मोठ्या सार्वजनिक डेटाबेसच्या लिव्हर डेटात साधारण ३७० ट्यूमर आणि फक्त ५० नॉर्मल सॅम्पल्स आहेत, सर्व्हायव्हलचा ग्राफ असेल तर पेशंट्सचे दोन गट कुठे कापले ते बघा, मध्यावर कापले की ग्राफ छान दिसेल अशा जागी कापले. आणि ट्यूमर न्यूड माऊसच्या कातडीखाली वाढवला असेल तर तिथे ना लिव्हर आहे ना टी-सेल्स, हे एका वाक्यात सांगून टाका, परीक्षक खूश होतात.

एम-सिक्स-ए म्हणजेच सगळं नाही

हे जरा बोअर झालं असेल तर माझी आवडती गोष्ट ऐका, खुणेची नाही, अक्षरच बदलण्याची. एडार-१ नावाचं प्रोटीन आरएनएतल्या 'ए' चं 'आय' करून टाकतं आणि रायबोसोम त्या 'आय' ला 'जी' समजून वाचतो. २०१३ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आलं की लिव्हर कॅन्सरमध्ये ॲझिन-१ नावाच्या आरएनएत हे जास्त होतं, आणि त्यामुळे प्रोटीनच्या ३६७ नंबरच्या जागेवर सेरिनच्या ऐवजी ग्लायसिन येतं. एकच ॲमिनो ॲसिड. पण हे नवीन ॲझिन-१ अँटिझाईम या प्रोटीनला जुन्यापेक्षा घट्ट पकडून ठेवतं, अँटिझाईमचं काम होतं ओडीसी आणि सायक्लिन-डी-१ या पेशी वाढवणाऱ्या प्रोटीन्सना तुटायला पाठवणं, तो अडकला म्हणून हे दोघे मोकाट, आणि पेशी वाढत सुटते. पेशंटचा डीएनए सिक्वेन्स केला तर हा बदल दिसणारच नाही, कारण डीएनएत तो नाहीच. डीएनए आणि आरएनए शेजारी ठेवून वाचले तरच सापडतो. एडार-१ चा पेपर मिळाला तर वरचं वाक्य तसंच वापरा, फक्त 'खूण' च्या जागी 'बदललेलं अक्षर' लिहा आणि रीडरच्या जागी रायबोसोम.

टीआरएनएवरच्या (रायबोसोमकडे ॲमिनो ॲसिड आणून देणारा आरएनए) एम-सेव्हन-जी, एम-वन-ए वगैरे खुणांचेही लिव्हरचे पेपर आहेत, त्यात सॅम्पलमधल्या टीआरएनएची मोजणी कशी केली तेवढं आधी बघा.

"मग औषध कधी?"

हा प्रश्न येणारच, सेमिनारमध्ये नाही आला तर घरी येईल. उत्तर तयार ठेवा. सिग्नलवरची औषधं आधीपासून आहेत. सोराफेनिब हे व्हीईजीएफ रिसेप्टर (रक्तवाहिन्या वाढवणारा) आणि रॅफ वगैरे कायनेजेस (फॉस्फेट लावणारी प्रोटीन्स) अडवतं, २००८ च्या मोठ्या ट्रायलमध्ये पेशंट्सच्या जगण्याचा मध्यक (मीडियन) काळ ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर गेलं, तेव्हा ती मोठी बातमी होती. याच औषधावर भारतातलं पहिलं सक्तीचं लायसन्स (पेटंट असतानाही दुसऱ्या कंपनीला औषध बनवायची परवानगी) निघालं, ९ मार्च २०१२ ला, मुंबईच्या पेटंट ऑफिसातून, आणि महिन्याचा २ लाख ८० हजारांचा डोस ८,८८० रुपयांना द्यायची वाट मोकळी झाली. आता बऱ्याच ठिकाणी इम्युनोथेरपीचं कॉम्बिनेशन आधी देतात. आरएनएच्या खुणांवरचं मात्र लिव्हर कॅन्सरसाठी मंजूर औषध एकही नाही. मेटल-३ अडवणारं एक रसायन २०२१ मध्ये ल्युकेमियाच्या उंदरांवर चाललं, त्याच घराण्यातलं एक पुढे २०२२ पासून माणसांवरच्या ट्रायलमध्ये गेलं. आता फॉक्सो-३ ची गोष्ट आठवा आणि स्वतःच विचार करा, मेटल-३ अडवलं तर सॉक्स-२ चा ब्रेक परत येईल, पण त्याच पेशंटला सोराफेनिब चालू असेल तर? सेमिनारची शेवटची स्लाईड म्हणून हा प्रश्न टाका आणि उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका.

आणि घरी काकांना सिरॉसिस आहे म्हणून कोणी फोन केला तर त्यांना मेटल-३ सांगत बसू नका. सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी ही रक्ताची टेस्ट चालू आहे का विचारा, घरातल्यांची हिपॅटायटिस बीची तपासणी आणि लस झालीय का विचारा, बाकी त्यांच्या डॉक्टरांवर सोडा.

वहीतल्या कागदाचा फोटो काढून ठेवा, सेमिनारच्या दिवशी प्रोजेक्टर बंद पडला तर फळ्यावर तोच काढायचाय. माझ्या ज्युनिअरचा पडला होता, तिने खडूने गोल काढला, दोन पक्के बाण, तीन तुटक, आणि कोपऱ्यात सेल लाईनचं नाव. एक्स्टर्नल तेच सर होते. त्यांनी आधी कोपऱ्यातलं नाव वाचलं.